लेन्स कोणती ते विचारता, नंबर कसा काढला तेही विचारा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरात एकच चर्चा सुरू होते: लेन्स कोणती टाकायची? भारतीय की इम्पोर्टेड, साधी की मल्टिफोकल, पॅकेजमध्ये बसणारी की वरचे पैसे भरून? शेजारच्या काकांनी कोणती टाकली, मावशींना किती खर्च आला, मुलाच्या विम्यात कितीपर्यंतची बसते? सगळं रास्तच आहे, पैसे कष्टाचे असतात. पण मी नेत्ररुग्णालयात डोळे मोजण्याचं काम करते आणि रोज एकच चित्र बघते. किमतीच्या टेबलाभोवती अख्खं कुटुंब अर्धा तास बसतं. माझ्या खोलीत मात्र आजोबा एकटेच येतात आणि आल्या आल्या म्हणतात, "ताई, लवकर उरका, एसटी चुकेल." ऑपरेशननंतर आजोबांना किती स्पष्ट दिसणार, चष्मा लागणार की नाही, लागला तर किती नंबरचा, यातलं बरंचसं याच खोलीत ठरत असतं.

आधी मूळ गोष्ट सांगते. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं. ऑपरेशनमध्ये ते गढूळ भिंग काढतात आणि त्याच्या जागी कृत्रिम भिंग, म्हणजे आपण म्हणतो ती लेन्स, बसवतात. चष्म्याच्या काचेला नंबर असतो तसाच या लेन्सलाही असतो. कुणाला साडेवीसची लागते, कुणाला तेवीसची, लहानपणापासून जाड उणे नंबरचा चष्मा असलेल्याला आठ-दहाचीही लागते. चष्मा चुकला तर दुकानात जाऊन बदलता येतो. डोळ्यात बसलेली लेन्स बदलायची म्हणजे पुन्हा ऑपरेशन. लाखाची लेन्स चुकीच्या नंबरची बसली तर अंधुकच दिसणार, आणि साधी लेन्स बरोबर नंबरची बसली तर आजी परातीतल्या तांदळातला खडा टिपणार.

हा नंबर नुसत्या अंदाजाने काढला तर काय होतं, हे पहिल्याच ऑपरेशनने दाखवून दिलं होतं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम लेन्स ठेवली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे तुकडे घुसले होते. ते तुकडे डोळ्यात राहूनही डोळा फारसा चिडत नाही, हे रिडलींच्या लक्षात आलं होतं. कल्पना धाडसाची होती आणि पुढे जगभर तीच रूढ झाली. पण त्या पहिल्या पेशंट बाईंच्या चष्म्याचा नंबर शेवटी आला उणे १८, वर उणे ६ चा सिलिंडर. रिडलींनी नैसर्गिक भिंगाचा आकार पाहून लेन्स बनवून घेतली होती. प्लास्टिक मात्र नैसर्गिक भिंगापेक्षा प्रकाश फार जास्त वळवतं. मोतीबिंदू गेला आणि त्या बाईंना उणे नंबर मिळाला, तोही भला मोठा.

आपल्याकडे तर कितीतरी वर्षं लेन्सचा प्रश्नच नव्हता. आधीच्या पिढीतली माणसं आठवून बघा. मोतीबिंदू काढला की सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. त्यातून जग मोठं दिसायचं, कडेचं काहीच दिसायचं नाही, पायरीचा अंदाज चुकायचा, आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या पुढाकाराने ऑरोलॅब सुरू झाली. लेन्स देशातच बनू लागली, किंमत उतरली आणि गरिबाच्या डोळ्यातही लेन्स पोचली. हे थोर काम झालं. पण लेन्स स्वस्त झाली तेवढ्या वेगाने मोजमाप सगळीकडे पोचलं नाही. पूर्वी कित्येक शिबिरांत सरसकट एकाच ठरावीक नंबरच्या लेन्स वापरल्या जात. ज्यांचे डोळे सरासरीच्या जवळचे होते ते सुखी झाले. बाकीच्यांना वाटलं, आपल्या नशिबात एवढंच दिसणं होतं.

आता हा नंबर निघतो कसा, ते बघा. भीती वाटायचं कारण नाही, सातवीच्या मुलाला जमेल एवढाच हिशेब आहे. डोळ्याची दोन मापं मुख्य. पहिलं, डोळ्याची लांबी, समोरून मागच्या पडद्यापर्यंत. ती सरासरी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असते. दुसरं, बुबुळाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक घुमटाची वक्रता. ती चव्वेचाळीसच्या आसपास असते आणि कागदावर 'के' म्हणून लिहिलेली असते. १९८० साली सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ या तीन अमेरिकी डॉक्टरांनी एक सोपं सूत्र दिलं. तिघांच्या नावांवरून त्याला एसआरके म्हणतात. प्रत्येक लेन्सचा एक ठरलेला आकडा असतो, त्याला 'ए' म्हणतात. त्यातून लांबीची अडीचपट वजा करा, मग 'के'ची ०.९ पट वजा करा. उरेल तो लेन्सचा नंबर. करून बघू. 'ए' धरू ११८.४. लांबी २३.५, तिची अडीचपट ५८.७५. 'के' ४४, त्याची ०.९ पट ३९.६. उरले २०.०५. वीस नंबरची लेन्स मागवा.

सरासरी डोळ्याला हे छान लागू पडलं. फार लांब किंवा फार आखूड डोळ्याला मात्र फसलं. लांब डोळ्याला हे सूत्र गरजेपेक्षा जास्त नंबर सुचवायचं, आखूड डोळ्याला कमी. मग सूत्रांवर सूत्रं आली. होलाडे, हॉफर-क्यू, एसआरके-टी, हायगिस. गेल्या दहा-पंधरा वर्षांत ऑस्ट्रेलियाच्या बॅरेट यांचं, तिथल्याच केन यांचं, आणि अमेरिकेच्या हिल यांचं, जे हजारो डोळ्यांच्या निकालांवर संगणकाला शिकवून बनवलं आहे. केन यांचं सूत्र तर पेशंट स्त्री आहे की पुरुष, हेही विचारतं. सरासरी डोळ्यात या सगळ्यांचं उत्तर जवळपास सारखंच येतं. खरी परीक्षा होते ती लांब, आखूड आणि आधी ऑपरेशन झालेल्या डोळ्यांत. तिथे नवी सूत्रं जुन्यांपेक्षा नक्कीच सरस आहेत. म्हणून तुमचा डोळा बावीस मिलिमीटरपेक्षा आखूड किंवा सव्वीसपेक्षा लांब निघाला, तर "नंबर एकापेक्षा जास्त सूत्रांनी पडताळून पाहिला का?" एवढं जरूर विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

पण सूत्र कितीही हुशार असलं तरी त्याच्या पोटात आपण घातलेले आकडेच जातात. लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर ऑपरेशननंतरच्या चष्म्यात साधारण अडीच ते तीन नंबरचा फरक पडतो. एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या कडेवरची पांढरी रेघ. दशांश मिलिमीटर चुकलं तरी पाव नंबर गेला.

आता माझ्या खोलीत या. मोजायच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत आवाजाची, ए-स्कॅन. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकतात आणि पेन्सिलसारखा प्रोब बुबुळाला टेकवतात. आवाजाच्या लहरी आत जातात, पडद्यावर आपटून परत येतात, आणि मशीनवर उंच टोकांचा आलेख उमटतो. यातली मेख अशी की टेकवताना हात जरा जड पडला तर बुबुळ दबतं. डोळा खरा आहे त्यापेक्षा दोन-तीन दशांश मिलिमीटर आखूड मोजला जातो, सूत्र जास्त नंबरची लेन्स सुचवतं, आणि पेशंटला नंतर विनाकारण उणे नंबरचा चष्मा लागतो. हे टाळायला प्रोब आणि डोळा यांच्यामध्ये पाणी ठेवून मोजण्याची पद्धत आहे. तिच्यात बुबुळाला काही टेकतच नाही. ती जास्त भरवशाची, पण थोडी कटकटीची, म्हणून घाईत टाळली जाते.

दुसरी पद्धत प्रकाशाची. १९९९ मध्ये झाइसचं आयओएलमास्टर आलं आणि तेव्हापासून हे काम पालटलं. डोळ्याला काही लागत नाही. हनुवटी ठेवायची, कपाळ पट्टीला टेकवायचं आणि समोरच्या ठिपक्याकडे बघायचं. हे ऐकायला सोपं, पण बघा काय होतं. आजी हनुवटी ठेवतात, पण कपाळ मागे घेतात. मी म्हणते, "आजी, कपाळ पुढे." आजी कपाळ पुढे करतात आणि हनुवटी उचलतात. मग "इकडे बघू की तिकडे?" मग बोलता बोलता डोळा हलतो. मग इतका वेळ डोळा उघडा ठेवलेला असतो की अश्रूंचा थर सुकतो. बुबुळावर तो थर एकसारखा नसेल तर वक्रतेचं माप डगमगतं, पहिल्यांदा त्रेचाळीस, दुसऱ्यांदा साडेचव्वेचाळीस. अशा वेळी दोन मिनिटं थांबायचं, डोळे मिटायला सांगायचे, पापण्या मिचकावू द्यायच्या आणि पुन्हा मोजायचं. तीनदा माप सारखं आलं की मगच कागद छापायचा. मोजणाऱ्याने "पुन्हा बसा" म्हटलं तर वैतागू नका. तो तुमच्याच डोळ्याची काळजी घेतोय.

प्रकाशाच्या मशीनची एक अडचण आहे, आणि ती आपल्याकडच्या एका जुन्या समजुतीशी थेट जोडलेली आहे. "मोतीबिंदू पूर्ण पिकू द्या, मग काढा," असं अजून खेड्यापाड्यात आणि शहरातही सांगितलं जातं. पिकलेला, पांढरा किंवा तपकिरी झालेला मोतीबिंदू प्रकाशाला आत जाऊ देत नाही. मग सगळ्यात अचूक मशीन निरुपयोगी ठरतं आणि आम्हाला पुन्हा आवाजाच्या प्रोबकडे वळावं लागतं. नव्या मशीन जास्त घट्ट मोतीबिंदूतूनही बघू शकतात, पण सगळ्यांतून नाही. म्हणजे वाट बघण्यात आणखी एक तोटा आहे, जो कुणी सांगत नाही. ऑपरेशन तर अवघड होतंच, नंबरही कमी भरवशाचा येतो.

आता तुम्ही काय करायचं, ते.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी चष्मा घालवायचं ऑपरेशन झालं असेल तर सांगा. लेसिक, लेझर, काहीही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडे असंख्य मुलामुलींनी लग्न जमवताना चष्मा अडचण ठरू नये म्हणून, किंवा भरतीत बसावं म्हणून लेझर करून घेतलं. तीच पिढी आता पन्नाशीकडे आली आहे आणि मोतीबिंदूच्या दारात उभी आहे. मोजमापाच्या वेळी सोबत नवरा किंवा सासू असते, आणि ही गोष्ट त्यांना ठाऊक नसते, म्हणून बाई गप्प राहते. बायांनो, आणि पुरुषांनीही ऐका: सोबतच्यांना बाहेर बसवा, पण मोजणाऱ्याला सांगा. लेझरने बुबुळ पुढून चपटं केलेलं असतं. आमची मशीन मात्र बुबुळाची ताकद मोजताना काही गोष्टी नेहमीच्या डोळ्यासारख्या गृहीत धरतात. उणे नंबर काढलेल्या डोळ्याचं बुबुळ त्यांना आहे त्यापेक्षा जास्त ताकदीचं वाटतं. मग लेन्स कमी नंबरची निघते, आणि ऑपरेशननंतर माणसाला अधिक, म्हणजे प्लसचा, नंबर येतो. अधिक नंबर वाईट, कारण त्यात लांबचंही नीट दिसत नाही आणि जवळचं तर त्याहून नाही. यासाठी वेगळी सूत्रं आहेत, पण ती वापरायला हवीत हे आम्हाला आधी कळायला हवं. लेझरच्या आधीचा नंबर लिहिलेला जुना कागद घरात असेल तर तो शोधून आणा. जुना चष्मा माळ्यावर पडला असेल तर तोही आणा, मशीनवर घालून त्याचा नंबर लगेच काढता येतो.

लेझरच्याही आधी बुबुळावर चिरा देऊन नंबर घालवायची पद्धत होती. ती जगभर गाजवली ती मॉस्कोच्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी. गंमत अशी की लेन्सचा नंबर काढायचं पहिलं सूत्र १९६७ मध्ये याच फ्योदोरोव्ह यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केलं होतं. आज चिरा दिलेला डोळा समोर आला की कोणतंही सूत्र जरा कचरतं. अशा चिरा तुमच्या डोळ्यावर असतील तर तेही सांगा.

कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर मोजमापाच्या आधी ती काढून ठेवावी लागते. मऊ असेल तर साधारण एक-दोन आठवडे, कडक असेल तर तीन आठवडे किंवा त्याहून जास्त, कारण तिने बुबुळाचा आकार दाबून ठेवलेला असतो. पडद्याचं ऑपरेशन होऊन डोळ्यात तेल भरलं असेल, जे मधुमेहाच्या पेशंटमध्ये बऱ्याचदा होतं, तर तेही सांगा. तेलातून आवाज पाण्यापेक्षा हळू जातो, म्हणून प्रोबने मोजलेला डोळा उगाचच लांब दिसतो. उन्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्यावर मांस वाढलेलं असतं आणि ते बुबुळावर आलं असेल तर वक्रतेचं माप बिघडतं. कधी ते आधी काढून, काही आठवडे थांबून मग मोजावं लागतं. डोळे कोरडे पडत असतील, चुरचुरत असतील, तर आधी त्याचा इलाज करून घ्या. मोजमाप आठवडाभर पुढे गेलं म्हणून काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट डॉक्टर क्वचित विचारतात आणि पेशंट कधीच सांगत नाहीत. तुम्हाला चष्म्याशिवाय कुठलं दिसायला हवं आहे? सहसा लांबचं साफ दिसेल अशा बेताने नंबर धरतात, आणि वाचायला चष्मा लागतो. बहुतेकांना ते चालतं. पण शिंपी, सोनार, घड्याळजी, रोज पोथी वाचणारे, रात्री पडल्या पडल्या चष्मा काढून पेपर वाचायची चाळीस वर्षांची सवय असलेले, हे लोक लांबचं साफ दिसूनही नाराज होतात. "आधी वाचायला चष्मा लागत नव्हता, तुम्ही लावलात," म्हणतात, आणि त्यांचं चूक नसतं. तुमचा जन्माचा उणे नंबर असेल आणि तुम्हाला चष्मा काढून वाचायची सवय असेल तर ते ऑपरेशनच्या आधी सांगा. मुद्दाम उणे अडीचच्या आसपास नंबर ठेवता येतो. तसंच, एका डोळ्याला उणे आठचा चष्मा आहे आणि दुसऱ्याचं ऑपरेशन करून तो शून्यावर आणला, तर दोन डोळ्यांचं जमत नाही, डोकं दुखतं, जिना उतरताना तोल जातो. दोन्ही डोळ्यांचा मिळून विचार करायला सांगा.

मल्टिफोकल आणि टोरिक लेन्सबद्दल एवढंच. साध्या लेन्समध्ये अर्धा नंबर इकडेतिकडे झाला तर चष्म्याने भागतं. मल्टिफोकलमध्ये तेवढ्याने सगळाच बेत बिघडतो, कारण पैसे चष्मा सुटावा म्हणूनच भरलेले असतात. टोरिक लेन्स सिलिंडर नंबर घालवते, पण ती नेमक्या कोनात बसावी लागते. एक अंश फिरली तर तिचा सुमारे तीन टक्के परिणाम कमी होतो, तीस अंश फिरली तर सगळाच जातो. आडवं झोपल्यावर डोळा स्वतःच किंचित फिरतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी पेशंटला बसवूनच खूण करतात. या लेन्ससाठी जास्त पैसे मोजत असाल तर मोजमापही तितक्याच चोखपणे मागा. दोन वेगळ्या मशीनवर 'के' जुळतो का, हा प्रश्न इथे अगदी रास्त आहे. "चष्मा शंभर टक्के सुटेल" असं छातीठोक सांगणाऱ्यापासून मात्र जरा सावध राहा.

कारण शंभर टक्के कुणालाच जमत नाही, आणि हे लपवण्यासारखं नाही. ब्रिटनमध्ये २००९ साली सुचवलेला मापदंड असा होता की ८५ टक्के डोळे ठरवलेल्या नंबरच्या एकच्या आत, आणि ५५ टक्के अर्ध्याच्या आत यावेत. आज उत्तम मशीन आणि नवी सूत्रं वापरणारी केंद्रं अर्ध्याच्या आत ७० ते ८० टक्क्यांपर्यंत पोचतात. राहिलेले डोळे चुकतात ते बहुतेक वेळा कुणाच्या हलगर्जीपणाने नाही. स्वीडनच्या नॉर्बी यांनी २००८ मध्ये या चुकांचा हिशेब मांडला. त्यात सगळ्यात मोठा वाटा, ३५ टक्के, निघाला तो लेन्स डोळ्यात नेमकी किती आत जाऊन स्थिरावेल या अंदाजाचा. ते ऑपरेशनच्या आधी कुणालाच मोजता येत नाही, फक्त अंदाज बांधता येतो. लांबीच्या मापाचा वाटा १७ टक्के. आणि २७ टक्के वाटा होता नंतर चष्म्याचा नंबर तपासण्याचा. म्हणजे नंतरची तपासणी घाईत उरकली तर चूक तिथेही होते. शिवाय लेन्स अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यात मिळते. सूत्राने वीस पूर्णांक तीन सांगितलं तर वीस किंवा साडेवीस यातलीच निवडावी लागते. सहसा पेशंट अधिक नंबराकडे जाण्यापेक्षा किंचित उणे राहिलेला बरा, असा कल असतो.

दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू असेल तर घाई करू नका. पहिल्या डोळ्याचा निकाल हा दुसऱ्या डोळ्यासाठी उत्तम पुरावा असतो. पहिल्यात ठरवल्यापेक्षा एक नंबर चुकला, तर दुसऱ्याचा नंबर काढताना त्यातला साधारण अर्धा फरक हिशेबात धरता येतो. मोजताना दोन्ही डोळे मोजले गेले का, हेही बघा, ऑपरेशन एकाच डोळ्याचं असलं तरी. दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर माप पुन्हा घ्यायचं, असा आमच्यातला नियम आहे. एकच डोळा मोजला तर हा फरक दिसणारच नाही.

ऑपरेशनच्या दिवशी स्वतःचं पूर्ण नाव आणि कोणता डोळा, हे स्वतःहून मोठ्याने सांगा. एकाच सकाळी यादीत तीन पाटील आणि दोन शिंदे असणं आपल्याकडे रोजचं आहे. चुकीची लेन्स बसवली जाणं ही इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत 'कधीच घडू नये' अशा घटनांच्या यादीत आहे, आणि तरीही तिथेही ती घडते. लेन्सच्या डबीवर स्टिकर असतात. त्यातलं एक तुमच्या डिस्चार्ज कार्डवर चिकटवलेलं असतं, लेन्सचं नाव, नंबर आणि अनुक्रमांकासकट. ते कार्ड आणि मोजमापाचा कागद रेशनकार्डासोबत ठेवा. पुढे कधी गरज लागलीच तर त्यावरच सगळं अवलंबून असतं.

शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना, ट्रस्टना, पुढाऱ्यांनाही एक सांगणं आहे. तुम्ही चांगलं काम करता, यात वाद नाही. शिबिरातला पेशंट हे प्रश्न विचारू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने तुम्ही विचारा. प्रत्येक डोळा मोजून लेन्स टाकली जाते का, की चार ठरावीक नंबर आणून त्यात बसवलं जातं? बॅनरवर "एवढ्या शस्त्रक्रिया मोफत" असं छापता तेव्हा त्याच्याच खाली महिन्या-दीड महिन्याने किती जणांचा नंबर पुन्हा तपासला, तोही आकडा छापा. मला वाटतं, पहिल्या आकड्यापेक्षा दुसरा जास्त मोलाचा आहे.

कारण सूत्रातला तो 'ए' आठवतो ना? कंपनी तो डबीवर छापून देते. पण प्रत्येक सर्जनचा हात वेगळा, मशीन वेगळं, म्हणून चांगलं रुग्णालय तो आकडा स्वतःच्या पेशंटच्या निकालांवरून सुधारून घेतं. ऑपरेशननंतर तुम्हाला नेमका किती नंबर आला, हे कळलं तरच ते शक्य होतं. आणि नेमकं इथेच घोडं अडतं. दिसायला लागलं की माणूस परत येत नाही. शेताची कामं, नातवंडांच्या परीक्षा, तिकिटाचे पैसे, कारणं खरी असतात. तरीही विनंती आहे, की ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी सांगितलेल्या दिवशी या. तक्ता नीट वाचून घ्या, शेजारच्या चष्म्याच्या दुकानात परस्पर नंबर काढून मोकळे होऊ नका, आणि आलेला नंबर ऑपरेशन केलेल्या रुग्णालयाच्या तुमच्या फायलीत लिहिला गेला याची खात्री करूनच घरी जा. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्याची लेन्स त्या आकड्यामुळे थोडी जास्त बरोबर निघेल.